शून्याचे पाच

नेत्रा भांडत नसे, आणि सुनेची ही खोड अहिल्याबाईंना पहिल्या दिवसापासून खपलेली नव्हती. साधं काही बोलावं तर ‘हो आई’, टोचून बोलावं तर ‘बरं आई’, आणि अगदीच वर्मावर बोट ठेवलं तर लॅपटॉपचं झाकण हळूच मिटून ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.’ आता या बरोबरवर माणसानं पुढं काय बोलावं? भिंतीवर चेंडू आपटला तर भिंतसुद्धा तो परत देते. ही पोरगी चेंडू पदरात घेऊन ठेवून द्यायची. पंधरा वर्षांत असे किती चेंडू तिच्याकडं साठले असतील, देव जाणे. आतासुद्धा गाडी चालवताना तिचे दोन्ही हात चाकावर शहाण्या मुलीसारखे ठेवलेले, नजर समोर, आणि बेलव्ह्यूच्या दवाखान्यात अर्ध्या तासापूर्वी जे झालं ते जणू दुसऱ्याच कुणाच्या घरी झालं होतं. ‘आई, सीट गरम करू?’ तिनं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. खालून ऊब यायला लागली आणि त्या उबेचाच अहिल्याबाईंना इतका संताप आला की त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर तो इथला पाऊस, पडतोय की नुसता उभा आहे हेही न कळणारा.

झालं होतं ते पाहायला गेलं तर एवढंसं. नाकाच्या ऑपरेशनला तीन महिने झाले म्हणून डॉक्टरनं बोलावलं होतं. त्यानं बारीक नळीचा कॅमेरा नाकात घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं, गुलाबी, ओलं, मोकळं, आणि ‘ब्यूटिफुल, ब्यूटिफुल’ म्हणाला. एवढं इंग्रजी अहिल्याबाईंना येत होतं. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याला कुणी ब्यूटिफुल म्हणावं आणि तेही नाकाच्या आत डोकावून, याचं त्यांना हसूही आलं होतं. मग तो गेला आणि नर्स आली प्रश्नांचा तक्ता घेऊन. हा तक्ता ऑपरेशनच्या आधी, ऑगस्टमध्ये, एकदा भरून झालेला होता. बावीस प्रश्न. शिंका किती, नाक किती चोंदतं, झोप लागते का, चिडचिड होते का. प्रत्येकाला शून्य ते पाच असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे याहून वाईट काही असू शकत नाही. ऑगस्टमध्ये नेत्रानं तो घरीच जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला होता आणि अहिल्याबाई सांगतील तसे आकडे टॅबलेटवर भरले होते. या वेळी दवाखान्याचा नियम आडवा आला, घरच्या माणसानं भाषांतर करायचं नाही. चाकांच्या दांडीवर बसवलेला एक पडदा नर्सनं ढकलत आणला आणि त्यात कानांना यंत्र लावलेला एक माणूस उगवला. ‘नमस्कार आजी, मी एकनाथ, दुभाषी. तुम्ही बोलाल ते सगळं मी यांना सांगणार, काही गाळणार नाही बरं का.’ नागपूरकडचा असावा. अहिल्याबाईंना बरं वाटलं. गाळणारी माणसं घरात पुष्कळ होती.

‘नाक चोंदणं,’ एकनाथ म्हणाला. ‘तेव्हा पाच होते. आता?’

‘एक.’

‘रात्री जाग येणं. तेव्हा पाच.’

‘शून्य लिही. मेल्यासारखी झोपते.’

तो हसला, आणि त्यानं तेही नर्सला सांगितलं असावं, कारण नर्सही हसली. ‘वास न येणं. तेव्हा पाच. आता किती?’

‘कशाला पाच?’

‘वास न येण्याला, आजी. तेव्हा तुम्ही पाच लिहिलंय. म्हणजे अजिबातच येत नव्हता.’

अहिल्याबाईंनी पाच सांगितले नव्हते. ऑगस्टची ती संध्याकाळ त्यांना ताटातल्या घासासारखी स्पष्ट आठवत होती. नेत्रानं त्या एका प्रश्नापाशी येऊन किंचित श्वास घेतला होता, मग खाली बघतच विचारलं होतं, ‘वासाचं काय लिहू, आई?’ आणि अहिल्याबाई ताठ बसून म्हणाल्या होत्या, ‘शून्य. अहिल्येचं नाक गेलंय म्हणणारा अजून जन्माला यायचाय.’ ‘बरं आई,’ नेत्रा म्हणाली होती आणि तिचं बोट काचेवर टेकलं होतं. कुठं टेकलं ते अहिल्याबाईंनी पाहिलं नव्हतं. आकड्यांशी त्यांचं भांडण नव्हतं, पण चष्मा आत होता. आता दवाखान्यात त्यांनी मान वळवून पाहिलं तर नेत्रा भिंतीवरचं चित्र वाचत होती, उभं चिरलेलं एक डोकं, आतल्या पोकळ्या निळ्या रंगात. तिचा कान लाल झाला होता. नुसता कान. ‘त्या बाईला सांग,’ अहिल्याबाई पडद्यातल्या माणसाला म्हणाल्या, ‘मला घरी जायचंय.’ एकनाथनं इमानानं तेही सांगितलं. शेवटचा एक प्रश्न राहून गेला, पूर्वीच्या मानानं आता एकूण जगणं कसं आहे, तो घरून भरून पाठवला तरी चालेल असं नर्स म्हणाली.

नाक हे अहिल्याबाईंचं काय होतं ते या देशात कुणाला सांगून कळलं नसतं. बार्शीला भगवंताच्या देवळामागं त्यांनी सव्वीस वर्षं खानावळ चालवली होती, नवरा गेला आणि मुलगा मोरेश्वर सात वर्षांचा होता तेव्हापासून. शाळा चौथीपर्यंत, तीही शेवटचे सहा महिने गोवरात गेलेली. पंगतीला कॉलेजची पोरं. आणि घरची रीत अशी की देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची नाही. पातेल्यातलं थेंबभर बोटावर घेऊन चाखणं म्हणजे देवाच्या पानात उष्टं वाढणं. मग मीठ कसं कळायचं? वाफेवरून. उकळी फुटली की पातेल्यावर तोंड धरायचं, डोळे मिटायचे. ‘मिठाला वास नसतो, मावशी,’ सायन्सची पोरं पैज मारायला यायची. ‘तुमच्या पुस्तकातल्या मिठाला नसेल,’ त्या म्हणायच्या, आणि दोन पातेल्यांतलं आळणी कुठलं ते पाठ करून उभ्या असताना सांगायच्या. आणि येसर तर सबंध तालुक्यात नाव काढणारा. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाला, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं ते पीठ. मूठभर पाण्यात कालवून फोडणीवर सोडलं की आमटी. सगळी करामत भाजण्यात. खोबरं कुठल्या क्षणी उतरवायचं हे डोळ्याला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, नाकाला दोन श्वास आधी कळतं. हे नाक त्यांना आयतं मिळालेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी सासरी पहिल्यांदा येसर भाजला तेव्हा सासूनं चिमूटभर तळहातावर घेतला, हुंगला, आणि सगळ्यांसमोर परात नेऊन उकिरड्यावर पालथी केली. ‘करपलाय. पाहुणी असतीस तर गोड मानून खाल्ला असता आम्ही. तू घरातली आहेस. पुन्हा भाज.’ तीनदा भाजायला लावला होता. हाताला फोड आलेले, डोळ्यांत धूर की पाणी कळत नव्हतं, आणि मनातल्या मनात त्या बाईला जेवढ्या म्हणून शिव्या येत होत्या तेवढ्या देऊन झाल्या होत्या. त्या बाईनं जन्मात कधी पाठीवरून हात फिरवला नाही. पण जाताना येसराचा पितळी डबा तिनं थोरल्या सुनेला दिला नाही, अहिल्येला दिला.

तो डबा सामानात गुंडाळून अहिल्याबाई आठ वर्षांपूर्वी अमेरिकेत रेडमंडला आल्या. मोरेश्वरनं खानावळ बंद करायला लावली. ‘आता आराम कर,’ म्हणाला. इथं ऑफिसात त्याला सगळे ‘मो’ म्हणतात आणि तो ओ देतो. आराम म्हणजे खिडकीतून ओली झाडं बघणं. दुसऱ्या हिवाळ्यात सर्दी झाली ती गेलीच नाही, आणि तिच्याआडून वास एकेक करून निघून गेले, कुणी न सांगता पंगतीतून उठून जावं तसे. आधी साबणाचा, मग ओल्या पानांचा, मग फोडणीचा. एका सकाळी त्यांनी हिंगाची डबी उघडून नाकाला लावली आणि आत काहीच नव्हतं. डबी काठोकाठ भरलेली होती. त्या कितीतरी वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. मग जन्मात पहिल्यांदा, नैवेद्य व्हायचा असताना, त्यांनी चिमूटभर हिंग जिभेवर टाकला. कडू लागला. बस, कडू. त्या दिवशी देवासमोर त्यांनी जरा जास्तच वेळ डोळे मिटले आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? या घरात त्यांना गाडी येत नव्हती, इंग्रजी येत नव्हतं, फोनवरून सामान मागवणं येत नव्हतं, नातीशी धड चार वाक्यं बोलता येत नव्हती, आरोही तीन शब्द ऐकून ‘Aaji, I got it’ म्हणायची. एक ओटा तेवढा त्यांचा होता. मग त्या कानानं स्वयंपाक करायला लागल्या. मोहरीचा तडतडाट, कांद्याचा सूर बदलतो ती जागा, भाजताना मनात आकडे मोजायचे, मीठ चमच्यानं, चोरून. जेवताना तिखट, आंबट, खारट एवढंच कळायचं, बाकी ओला पुठ्ठा चावल्यासारखं. पण घरच्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला बेलव्ह्यूच्या बायका रिकामे डबे घेऊन यायच्या. ‘अहिल्याकाकू, तुमचा येसर संपला हो!’ अहिल्याबाईंनी स्वतःची समजूत घातली होती की पन्नास वर्षांच्या हाताला आता नाकाची गरज उरलेली नाही. त्या समजुतीवर त्या जगत होत्या.

बाकीचा त्रास लपवण्याजोगा नव्हता. कपाळात कुणीतरी ओली माती लिंपून ठेवल्यासारखं जड, डोळ्यांच्या मागं ठणका, देवाला वाकलं की तोंड गळून पुढं पडेल असं वाटायचं. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं, घसा वाळून लाकूड व्हायचा, मागून सारखं काहीतरी ओघळायचं, की उठून उशीला टेकून बसायचं. नाकात द्राक्षांसारखे कोंब आलेत म्हणून डॉक्टरनं दाखवलं आणि ऑपरेशन ठरलं. नंतरचे दिवस खपल्यांचे आणि सकाळ-संध्याकाळ त्या बाटलीतलं मिठाचं पाणी नाकात पिचकारण्याचे. एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून काढायचं, गाईगुरांसारखं बेसिनवर फुरफुरायचं. पण श्वास आला. किती साधी गोष्ट, श्वास, आणि तो आल्यावर त्यांना कळलं की इतकी वर्षं आपण श्वास घेत नव्हतो, ओढत होतो. मोरेश्वर रोज ऑफिसातून आला की जोडा काढता काढता विचारायचा, ‘काय म्हणतंय नवीन नाक?’ जणू ते त्यानंच बसवलं होतं. आणि मग सातव्या आठवड्यात पहाटे पहिला वास आला. मोगऱ्याचा नाही, फोडणीचा नाही. डांबराच्या गोळ्यांचा. कुठून येतोय म्हणून त्यांनी नाक फिरवलं तर तो पांघरुणातून येत होता, पदरातून येत होता, त्यांच्या स्वतःच्या केसांतून येत होता. कसर लागू नये म्हणून कपाटात मूठमूठ गोळ्या त्याच टाकत होत्या, वास येत नाही म्हणजे संपल्या असं समजून. किती वर्षं? मंडळात शेजारी बसणाऱ्या बायका उठून चहा आणायला जायच्या. आरोही मांडीवर यायची बंद झाली होती. मोठी झाली म्हणून, असं त्यांना वाटलं होतं. त्या पहाटे त्यांनी गोळ्या वेचून कचऱ्यात टाकल्या आणि पलंगावर बसून राहिल्या, मोकळ्या नाकानं, आणि तो वास परत आल्याचा आनंद कुणाला सांगावा हे त्यांना कळेना. जे गेलंच नव्हतं ते परत आलं असं कोणत्या तोंडानं सांगणार?

सिग्नलला गाडी थांबली. वायपर एकदा इकडं एकदा तिकडं. आणि अहिल्याबाईंच्या डोक्यात, ज्या डोक्यात आता माती नव्हती, सगळं लख्ख आणि नको तितकं मोकळं होतं, एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसायला लागली. पाच लिहिलं म्हणजे हिला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे केव्हापासून? मागं एका संक्रांतीला त्या गॅरेजात शेगडी मांडून खोबरं भाजत होत्या, आणि घरातलं ते छताला चिकटवलेलं डबडं कोकलायला लागलं. ‘मेल्याला भाजलेलं आणि जळालेलं यातला फरक कळत नाही,’ त्या म्हणाल्या होत्या. नेत्रा धावत आली, शेगडीकडं तिनं एकदा पाहिलं, त्यांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. ‘बॅटरी गेली असेल, आई,’ म्हणाली. दुसऱ्याच दिवसापासून दळणाची नवी व्यवस्था निघाली. ‘आपल्या मिक्सरला हे झेपत नाही, नैनाकडं मोठं मशीन आहे, मी दळून आणते.’ नैना म्हणजे तिची बेलव्ह्यूची मैत्रीण. तेव्हापासून दर खेपेला भाजलेला माल फडक्यात बांधून जायचा आणि पीठ होऊन यायचा. पाच वर्षं. आणि रोज त्या देवापुढं नैवेद्याला बसल्या की मागं ओट्यावर पळीचा आवाज व्हायचा, एक छोटा ठण्ण, मग झाकण. आमटी खाली लागू नये म्हणून सून हलवते, केवढी काळजी, असं त्यांना वाटायचं. आणि गेले पाच आठवडे ताटातली आमटी नाकाला जरा वेगळीच लागत होती. चांगली, पण ओळखीची नाही. नाक अजून कच्चं आहे, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. डबा उघडून हुंगायचं धाडस मात्र त्यांनी केलं नव्हतं. आज नको, उद्या. त्यांचा हात अजून ओट्याला लागू देत नव्हते ना! डॉक्टर म्हणाला दोन आठवडे वाकायचं नाही, नेत्रानं त्याचे तीन महिने केले होते. दोनाचे तीन महिने, शून्याचे पाच. आकडे कसे तिच्या बोटांना वश होते.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला नाही. ओल्या चपला तेवढ्या दारात काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ‘आई, चहा ठेवते, बसा,’ नेत्रा मागून म्हणाली. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या. ‘आई!’ वरच्या फळीवरचा पितळी डबा काढून त्यांनी छातीशी धरला, उतरल्या, ओट्यावर ठेवला. झाकण घट्ट होतं. सासूच्या हातचा तो डबा, झाकणाला तिनं खिळ्यानं कोरलेली फुली. अंगठा फुलीवर दाबून त्यांनी झाकण फिरवलं आणि तोंड खाली नेलं, डोळे मिटले, बार्शीच्या त्या काळ्या ओट्याशी उभं राहून मिटायच्या तसे.

आधी दगडफूल आलं. पुढं होऊन, मिरवत. मग धने, बरोबर भाजलेले. मग लवंग, मग तीळ, आणि सगळ्यांच्या तळाशी खोबरं, सोनेरी, खमंग, वेळेवर उतरवलेलं. करपलेलं काही नव्हतं. खवट काही नव्हतं. एखाद्याच्या घरी जावं, सगळं नीटनेटकं असावं, आणि तिथं आपलं एकही कापड वाळत घातलेलं नसावं तसं त्यांना झालं. त्यांचा हात दगडफूल कधी पुढं येऊ देत नसे. पन्नास वर्षांत नाही. त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला, कुठंतरी, तळाशी, चिमूटभर तरी आपलं सापडेल म्हणून. नाक इमानी होतं. सापडलं नाही.

‘कुठल्या दुकानातला?’ डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

नेत्रा ओट्याच्या पलीकडं उभी होती, हातात चहाचं रिकामं भांडं. ‘दुकानातला नाही, आई.’ आणि मग, अगदी हळू, ‘माझा आहे.’

‘तुला कुणी शिकवला?’

‘तुम्हीच. तुम्ही भाजताना मी बघत होते. आणि मोरेश्वर सांगायचा, अजून तसा नाही झाला, अजून तसा नाही. चाखून चाखून जमवला.’

‘चाखून,’ अहिल्याबाई म्हणाल्या.

‘हो. चाखून.’

‘म्हणजे मोरूलाही माहीत.’

नेत्रानं मान डोलावली.

‘आणि त्या नैनाला. आणि डबे घेऊन येणाऱ्या त्या सगळ्यांना.’

‘नैनालाच फक्त. बाकी सगळ्यांना तुमचाच वाटतो. शप्पथ, आई. मी कधीच कुणाला...’

‘मी भाजलेल्याचं काय करायचीस?’

भांडं तिनं ओट्यावर ठेवलं, कान धरून पुन्हा उचललं. ‘नैनाच्या परसात,’ ती म्हणाली. ‘कंपोस्ट आहे तिथं.’

उकिरडा. अहिल्याबाईंच्या डोळ्यांपुढं परात पालथी झाली, धूर आला, सासूचं ते लांब हाड असलेलं नाक आलं. त्या दिवशी किती रडल्या होत्या त्या, अंगणातल्या सगळ्या बायकांसमोर. आणि इथं पाच वर्षं, दर खेपेला, त्यांचा येसर उकिरड्यावर जात होता आणि त्या मागं खुर्चीत बसून कौतुक ऐकत होत्या. हसत होत्या. ‘अगं, त्यात काय एवढं, हाताला सवय आहे,’ असं म्हणत होत्या त्या बायकांना! ते आठवून त्यांच्या गालांना चटका बसला. ऑपरेशनच्या आधी डोकं दुखत होतं, झोप नव्हती, श्वास नव्हता, पण त्या अहिल्याबाई होत्या. आता श्वास होता. दोन्ही नाकपुड्या भरून श्वास होता, आणि त्यातून एकामागोमाग एक हे आत येत होतं.

‘मला तोंडावर का नाही सांगितलंस?’

‘कसं सांगणार?’ नेत्रा म्हणाली, आणि तिचा आवाज अहिल्याबाईंनी कधी ऐकला नव्हता असा वर गेला, पहिल्यांदा, चिरकला, स्वतःलाच घाबरला, तरी थांबला नाही. ‘कसं सांगणार होते मी? तुम्ही डॉक्टरला खोटं सांगत होता! शून्य लिही म्हणालात मला. शून्य लिहिलं असतं ना, तर त्याला वाटलं असतं एवढं काही नाहीच, ऑपरेशन पुढं ढकललं असतं, आणि तुम्ही रात्र रात्र बसून काढत होता, ते मला बघवत नव्हतं. त्या दिवशी गॅरेजमध्ये घर पेटलं असतं, आई. आरोही वर झोपली होती. आणि तुम्ही अलार्मला शिव्या देत होता. तेव्हा मी काय म्हणायचं होतं? तुमचं नाक गेलंय? तुम्ही ओट्याला हात लावू नका? मग तुम्ही केलं काय असतं दिवसभर? इथं तुमचं दुसरं होतं तरी काय?’

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर तिनं भांडं धरलेला हात तोंडावर नेला, पण ते बाहेर पडलं होतं. वरच्या मजल्यावरून आरोहीनं विचारलं, ‘Mom? Everything okay?’ अहिल्याबाईंनी सुनेकडं पाहिलं. तिच्या मानेची शीर उडत होती. केस सुटले होते. पंधरा वर्षांनी ही पोरगी त्यांना पहिल्यांदाच दिसत होती, सगळीच्या सगळी, राग आलेली, खरं बोललेली, खोबरं बरोबर जागी उतरवणारी. हिच्याशी भांडता आलं असतं. हिला तीनदा भाजायला लावता आलं असतं, आणि हिनं आपल्याला. केवढं राहून गेलं होतं. आणि ते राहिलं त्याबद्दल स्वतःवर रागवावं की हिच्यावर हे ठरेना, म्हणून त्यांना नुसतंच रागवायला झालं, घशात, जिथं पूर्वी ते दुसरं ओघळायचं तिथं. इथं दुसरं होतं काय, हे खरंच होतं. खरं होतं म्हणूनच ते पाच वर्षांपूर्वी, त्या गॅरेजात, धुरात उभं राहून बोलायला हवं होतं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं नाही. चिमूटभर येसर उचलला, तळहातावर ठेवला, आणि देवघरात दिवासुद्धा लागलेला नसताना जिभेवर टाकला. अहिल्याबाईंनी सावकाश चव घेतली, गिळलं, तळहात पदराला पुसला.

‘दगडफूल जास्त आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बाकी हात चांगला आहे तुझा. तो शेवटचा प्रश्न राहिलाय त्याचं काय लिहायचं ते लिही, आकडे तुझे तूच घालतेस. पण माझं म्हणणं ऐकून ठेव. सासूनं माझा येसर उकिरड्यावर ओतला तेव्हा मला ती वैरीण वाटली होती. तूही ओतलास, पण मला कळू न देता. वाईट सून असतीस तर चाललं असतं मला, नेत्रा, आपण भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, पाचव्या दिवशी शेजारी बसून भाजला असता. तू चांगली निघालीस. पाच वर्षं मला माझ्याच चुलीपुढं पाहुणी करून ठेवलंस.’